मुख्य जागा कोणाची?

उभी हयात आत्याने पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर काढली. कानात घालायला बोळे द्या म्हणून साहेबाशी कडाकडा भांडली. बोळे मिळाले, पण तोवर कानांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. जाड आवाज शाबूत, बारीक गेले, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे दणका ऐकू येणार, पण समोरचा ‘सात’ म्हणाला की ‘हात’, हे अंदाजाने ओळखायचं. कानाचं यंत्र होतं, पण ते बिचारं बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा करायचं.

अशात धाकट्या भावाने हौसेने होम थिएटर आणलं. पाच छोटे स्पीकर आणि दणक्यासाठी एक मोठा काळा डबा, सबवूफर. भावजयीला तो डोळ्यांसमोर नको होता, म्हणून सोफ्यामागच्या कोपऱ्यात गेला. त्याच कोपऱ्याला आत्याची खुर्ची. रविवारी सिनेमा लागला की आत्याच्या कानात नुसतं घुम्म, शब्द एक नाही. आधी ती विचारायची, “काय म्हणाला गं?” पुतणी सांगायची. मग थोडक्यात सांगू लागली, मग “काही नाही गं” म्हणू लागली. आत्याने विचारणंच सोडलं. सगळे हसले की तीही हसायची, आणि ते हसणं तिला आतून खायचं. स्वतःच्या घरात माणसाने उसनं हसावं, याहून मोठा अपमान कुठला?

एका रविवारी तिने कुणालाही न विचारता दुकानातल्या फिटरला बोलावलं.

भाऊ चिडला. “ताई, दोष तुझ्या कानांचा आहे, डब्याचा नाही.”

“कान खराब आहेत हे मला डॉक्टरांनी सांगितलंय, तू नको सांगूस. जेवढे उरलेत त्यांच्यावर हा डबा का बसवलास, ते सांग.”

फिटरने आधी टीव्हीवर सेटिंग उघडलं. छोट्या स्पीकरांनाही जाड आवाज जात होता, तो त्याने सगळा डब्याकडे वळवला. “आता हे नुसते बोलतील, धापा नाही टाकणार.”

“मग डबा बंदच कर की,” आत्या म्हणाली.

त्याने बंद करून दाखवला. पडद्यावर अख्खा पूल कोसळला, पण आवाज पेला पडल्याएवढा.

“नको, नको, चालू कर,” आत्याने माघार घेतली. “तेवढंच तर मला नीट ऐकू येतं.”

“मग जागा बदलू. कोपऱ्यात तो घुमणारच. डबा आधी बसायच्या मुख्य जागेवर ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगत ऐकायचं. जिथे दणका स्वच्छ वाटेल, तिथे डबा कायमचा. मुख्य जागा कोणाची?”

भाऊ सोफ्याच्या मधोमध बसला होता. यात विचारायचं काय, अशा थाटात तो तोंड उघडणार, तेवढ्यात आवाज आला.

“माझी.”

“बघतोस काय? ठेव डबा माझ्या खुर्चीवर,” आत्या फिटरला म्हणाली. फिटर रांगायला वाकला, तर त्यालाही तिने अडवलं. “ऐकायचंय मला. मीच रांगणार.”

गुडघे करकरले. भावजय कळवळली, “अहो ताई, शोभतं का हे? समोरच्यांना खिडकीतून दिसतंय!”

“दिसू दे. त्यांना रांगायचं असेल तर बोलाव.”

सोफ्यापाशी घुम्म. दाराशी दणका गायब. टीव्हीच्या डाव्या अंगाला ती थांबली. इथे प्रत्येक ठोका सुटा पडत होता. तिने जमिनीवर थाप मारली. “इथे.”

“तिथे माझं झाड आहे!” भावजय म्हणाली.

“झाडाला सिनेमा ऐकायचा नाहीये.”

झाड गॅलरीत गेलं, डबा त्या जागी बसला, फिटर आपल्या वाटेने गेला. भाऊ कुरकुरला, “मला पहिल्यासारखा दणका बसत नाही.”

“नको बसू दे. इतके दिवस तुझ्या वाटचा मीच खाल्ला.”

मग घरातला लाडका सिनेमा लागला, सगळ्यांना तोंडपाठ असलेला. आत्याला प्रत्येक शब्द काही कळला नाही, पण पुष्कळ कळले. नायकाच्या लांबलचक भाषणाला भावजयीने नेहमीसारखे डोळे पुसले. सिनेमा संपल्यावर पुतणीने विचारलं, “आत्या, आलं ऐकू?”

“आलं ना. टुकार आहे अगदी. आईला टाकून जातो आणि वर तिलाच उपदेश करतो. तिने एक कानफटात द्यायला हवी होती.”

भाऊ ताडकन उठला. “टुकार? ताई, तुला काय कळतंय त्यातलं?”

“कळलं म्हणून तर म्हणते!”

भावजयीने नायकाची बाजू घेतली, पुतणीने स्वतःच्या आईची, आणि चांगलीच जुंपली. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी कुणी भांडत नाही, लोक नुसती मान डोलावतात. कित्येक वर्षं आत्याच्या वाट्याला तेवढंच आलं होतं. आज तिघं तिच्यावर तुटून पडली होती, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की तिचे डोळे भरून आले. पण ती हटली नाही.

“पुन्हा लावतो ते भाषण,” भाऊ ओरडला, “म्हणजे कळेल तुला!”

“लाव,” आत्या खुर्चीत सरसावून बसली. “मध्ये एकानेही बोलायचं नाही. प्रत्येक वाक्याला उत्तर आहे माझ्याकडे.”