जाळी आणि जबाबदार व्यक्ती

अमळनेरच्या तेलगिरणीत शेठजींनी मला सुरक्षेचं काम दिलं, कारण माझं अक्षर बरं होतं. नव्वदीची सुरुवात होती. तेल घेणाऱ्या मुंबईच्या कंपनीनं फायली पाठवल्या होत्या. गिरणीत सुरक्षेची रीतसर व्यवस्था हवी, नाहीतर ते माल घेणं बंद करणार. मी हजेरीपटाचा कारकून. ‘संभाव्य धोका शोधा’ असं लिहिलेलं वाचून मी गिरणीभर फिरलो, तर मला सगळीकडेच धोका दिसायला लागला. तेलकट फरशी, लाकडी शिडी, वॉचमनचं कुत्रंसुद्धा. कुत्र्याचं नाव मी खरंच लिहिलं आणि मग खोडलं.

प्रत्येक यंत्रापुढे ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना होता. कोणी सही करेना. शेवटी फिटर आबांकडे गेलो. पट्ट्याच्या चाकांवर लोखंडी जाळ्या त्यांनीच माझ्या सांगण्यावरून बसवल्या होत्या.

“मनं नाव लिखी टाक, भाऊ,” ते म्हणाले. “बठ्ठं मशीन तं मीच देखस.”

सगळी यंत्रं तेच बघायचे हे खरंच होतं. मी सगळ्या रकान्यांत त्यांचं नाव लिहिलं आणि सुटलो एकदाचा, असं वाटलं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मी करत असे. हळदकुंकू चाकाला लागायला हवं, जाळीला लावून काय उपयोग? मी आबांना जाळी काढायला सांगितली. चाकाला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली तेव्हा हार तसाच होता. पूजेचा हार आपण होऊन सुकल्याशिवाय आमच्याकडे कोणी काढत नसे, आणि हार असेपर्यंत जाळी बसत नव्हती. हार पट्ट्यात गुंतला. तो सोडवायला आबांनी हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आठवड्यानं धुळ्याहून सरकारी तपासणीचे साहेब आले. आबा हाताला पट्टी बांधून दाराशी उभे होते. चूक कामगाराची निघाली तर आबांना कायमचं घरी पाठवायचं, असं शेठजींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. चूक कुणाची धरायची? हाराची? पूजेची? फायलीत शोधत बसलो, जणू तिथं कुठेतरी उत्तर लिहिलेलं असणार होतं.

साहेबांनी माझ्याच अक्षरातलं पान उघडलं. “यंत्राला जबाबदार कोण?”

“मी, साहेब,” आबा म्हणाले.

“जाळी कोणी काढली?”

“मीच काढी.”

साहेबांनी लिहून घेतलं. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पुढे मी काही बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. जाळी काढायला कोणी सांगितलं, हे साहेबांनी विचारलं नाही. मी पान उलटून साहेबांपुढे सहीसाठी धरलं.