उजेडाला धरलेले फोटो

वडील कापडाचे व्यापारी. वाशीमच्या बाजारात खाली दुकान आणि वर माडीवर घर. नवा तागा आला की ते दुकानाच्या पायरीवर जायचे, कापड दोन्ही हातांनी ताणून उन्हाला धरायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. वीण कुठे चुकली, धागा कुठे तुटला, लगेच सांगायचे. मला ते कधी जमलं नाही. माझ्यात तेवढा धीरच नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवाळीपासून त्यांचा खोकला हटेना. पौषात थुंकीतून रक्त दिसलं, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला अकोल्याला पाठवलं. तिथल्या फोटोच्या डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बाकावर बसवलं आणि लिफाफा माझ्या हाती दिला. परतीच्या गाडीत, वडील डुलकी घेत असताना, मी आतली इंग्रजी चिठ्ठी वाचली. उजव्या फुफ्फुसात सुपारीएवढा डाग आहे, नागपूरला छातीच्या तज्ज्ञांना ताबडतोब दाखवा.

डाग म्हणजे क्षय, एवढंच मला ठाऊक. आणि धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलेलं. नागपूरला नेलं की बाजारात तोंडं सुटणार. क्षयाच्या घरातली मुलगी कोण करणार? मी फोटो दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवर, मांजरपाटाच्या ताग्यांखाली सरकवला. घरी दमा म्हणून सांगितलं. गल्लीतल्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली, पण लग्न होईपर्यंत गुपचूप क्षयाची इंजेक्शनं द्या म्हणून गळ घातली. ते कबूल झाले, पण नागपूर टाळू नका असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मी चार महिने टाळलं.

वडील वाळत चालले होते. मांडवात त्यांचा कोट खांद्यावरून घसरत होता. सोयरे म्हणाले, लग्नाची दगदग. मीही हो म्हणालो.

लग्न उरकल्यावर नागपूरला गेलो. छातीच्या डॉक्टरांनी नवा फोटो काढायला लावला, घशातून नळी घालून आतला तुकडा काढला. तो तुकडा तपासणारे डॉक्टर आम्हाला कधी दिसलेच नाहीत. त्यांचं एका ओळीचं उत्तर तेवढं आलं. कर्करोग. मग शस्त्रक्रियेचे डॉक्टर आले, त्यांच्यामागून विजेचा शेक देणारे आले. तिघे खिडकीपाशी उभे राहून इंग्रजीत बोलत होते आणि वडील कॉटवर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी मला विचारलं, याआधी फोटो काढला होता का? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, डाग लहान असताना आला असतात तर कदाचित कापून काढला असता, आता ते माझ्या हातात नाही. आणि त्यांनी शेकवाल्या डॉक्टरांकडे बोट केलं. मला स्वतःची शिसारी आली.

छातीत पाणी झालंय, असं वडिलांना सांगायचं मीच ठरवलं. डॉक्टरांनीही मान हलवली. तेव्हा तशीच रीत होती.

शेक संपवून घरी आल्यावर एका सकाळी मी माडीवरून खाली उतरलो, तर वडील पायरीवर उभे. कुणी गिऱ्हाईक मांजरपाट मागून गेलं होतं. तागे फळीवरून काढलेले. एका हातात नागपूरचा फोटो, दुसऱ्या हातात अकोल्याचा, दोन्ही उन्हाला धरलेले.

"हा कवाचा हाय?" त्यांनी डावा हात हलवत विचारलं.

"पौषातला."

ते बराच वेळ बघत राहिले. एकीकडे सुपारी, दुसरीकडे लिंबू. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"तवा लहान होता," ते म्हणाले.

मी रडायला लागलो. चिठ्ठी, लग्न, नागपूरच्या डॉक्टरांचं बोलणं, सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, निदान एक थप्पड तरी मारतील असं वाटत होतं. मला ती हवी होती. खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्यांनी अकोल्याचा फोटो लिफाफ्यात घालून माझ्या हाती दिला.

"हा जाळून टाक. पोरीले कळू देऊ नको. तिले वाटंल, तिच्यापायी झालं."

दिवाळीच्या आत ते गेले. फोटो मी जाळला नाही, माडीवरच्या कपाटात ठेवला. बहीण माहेरी आली की त्या कपाटाची किल्ली मी अजूनही खिशात ठेवतो.