पासाऊच्या फलाटावर इकामा

मी जन्मजात भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तो सौदीकरणाच्या, म्हणजे परदेशी माणसं काढून त्यांच्या जागी सौदी नेमण्याच्या, रूपाने लागला. आम्ही जुबैलला राहायचो आणि मी रास अल खैरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होतो. त्या वर्षांत सारखी कुणाच्या तरी दारात पॅकिंगची खोकी दिसायची. निरोपाच्या जेवणाला बायको पुलाव करून न्यायची. मुलगी दहावीत होती. मार्चमधली तिची परीक्षा होईपर्यंत नोकरी टिकावी, एवढंच माझं मागणं होतं.

त्यात कंपनीने नव्या यंत्रणेच्या ट्रेनिंगसाठी तिघांना जर्मनीला पाठवलं. मी, रत्नागिरीकडचा माझा जुना दोस्त आणि एक तरुण सौदी इंजिनीअर. हा पोरगा माझ्याच हाताखाली शिकत होता आणि शिकून झालं की माझ्याच खुर्चीत बसणार होता. कधी, ते कुणी सांगत नव्हतं. बरं, पोरगा स्वभावाने इतका गोड की त्याचा राग करायचीही सोय नव्हती.

शनिवारी तिघं पासाऊ बघायला निघालो. तीन नद्यांच्या संगमावरचं जुनं शहर. ऑस्ट्रियाची सीमा जवळ असल्याने स्टेशनवर तपासणी होते, हे आम्हाला कुठलं ठाऊक? फलाटावर उतरतोय तोच दोन पोलिसांनी अडवलं. मी झटकन पाकिटातलं इकाम्याचं, म्हणजे सौदीत राहण्याच्या परवान्याचं, कार्ड काढून पुढे केलं. पोलीस ते उलटसुलट करून बघत राहिला.

"अरे, इकामा काय देतोस त्याला?" दोस्त कुजबुजला. "पासपोर्ट काढ!"

पासपोर्ट हॉटेलच्या खोलीत, कुलपात होता. सौदीत पोलिसाने हात पुढे केला की इकामा द्यायचा आणि पासपोर्ट घरी जपून ठेवायचा, ही इतक्या वर्षांची सवय. माझ्या तोंडचं पाणी पळालं. इथे अडकलो तर कंपनीला फोन जाणार. कंपनी तर निमित्तच शोधत होती. बायको-मुलीचे इकामे माझ्या इकाम्याला बांधलेले. मला काढलं की त्यांनाही बाडबिस्तरा आवरावा लागणार, परीक्षा असो नसो. "सर, सर" यापलीकडे तोंडातून शब्द फुटेना.

तेव्हा तो सौदी पोरगा पुढे झाला. कार्ड हातात घेऊन त्याने त्यावरचं अरबी एकेक ओळ इंग्रजीत वाचून दाखवलं. ट्रेनिंग देणाऱ्या जर्मन कारखान्याचं आमंत्रण फोनवर उघडून दाखवलं आणि ताठ उभं राहून म्हणाला, "हे आमच्याकडचे आहेत. माझी जबाबदारी."

पोलिसांनी कॉम्प्युटरवर माझा व्हिसा शोधला, हॉटेलला फोन लावला आणि बऱ्याच वेळाने समज देऊन सोडलं.

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना. माझं कार्ड त्याने स्वतःच्याच खिशात टाकलं होतं आणि ते मागायचा मला धीर होत नव्हता. इतकी वर्षं कफील, म्हणजे परदेशी माणसाची हमी घेणारा सौदी, माझ्यासाठी नुसतं कागदावरचं नाव होतं. त्या दिवशी तो शेजारून चालत होता.

टाऊन हॉलच्या भिंतीवर जुन्या महापुरांच्या खुणा कोरल्या आहेत. दोस्ताने मला त्यांच्याखाली उभं करून फोटो काढला. पुढे मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन एकदम घुमला आणि मी दचकून उडालोच. पोरगा हसला आणि कार्ड माझ्या हातात ठेवत म्हणाला, "घ्या, मुहंदिस." मुहंदिस म्हणजे इंजिनीअर, तो मला तशीच हाक मारायचा.

संध्याकाळी संगमाच्या टोकाला बसलो. दोस्त कॉफी आणायला गेला.

"काल मॅनेजरचा फोन आला होता," पोरगा म्हणाला. "परत आल्यावर एकटा शिफ्ट सांभाळशील का, विचारलं. मी हो म्हणालो."

मी खिशातलं कार्ड चाचपून बघितलं.

"खरं तर मला येत नाही, मुहंदिस. सगळे अलार्म एकदम वाजले की मला काही सुचत नाही. पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी मलाच काढलं असतं. घरी वडिलांना काय तोंड दाखवू?" त्याने माझी बाही धरली. "तुम्ही जायच्या आधी मला सगळं शिकवाल ना?"

जायच्या आधी. म्हणजे माझं ठरलेलंच होतं.

आयुष्यात इतकं धाडस मी कधी केलं नव्हतं. म्हणालो, "शिकवतो. पण मार्चपर्यंत वेळ लागेल, असं तू मॅनेजरला सांग."

तो खाली बघायला लागला. दोस्त कॉफी घेऊन आला, कॉफी पिऊन झाली, आम्ही स्टेशनकडे चालायला लागलो. तरी तो हो म्हणाला नाही. मुलीचं वर्ष आता माझ्याहूनही भित्र्या माणसाच्या हातात होतं.