दुधातली गोळी

सकाळी ताईच्या तळहातावर थायरॉइडची एकच पांढरी गोळी असते. ती गिळून होईपर्यंत मी तिच्याकडे बघत उभा राहतो.

गेल्या मे महिन्यात, अकोल्याच्या उन्हात, माझी ही मोठी बहीण कूलर बंद करून शाल पांघरून बसायची. हात गार, आवाज घोगरा, चेहरा सुजलेला. ताईच्या साडीत, ताईच्या खुर्चीत, दुसरंच कुणीतरी हळूहळू येऊन बसतंय, असं मला वाटायचं. हे मी कुणाला बोललो नाही.

गोळी तर ती एक दिवसही चुकवत नव्हती. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी रिपोर्ट बिघडतच गेले. शेवटी त्यांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर. उष्ण पडते ना," ताई म्हणाली. "कॅल्शियमचीही तेव्हाच घेते, म्हणजे एकदाच आटपतं."

डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं. रक्तात जाऊ देत नाही. दोन्हींत चार तास तरी जाऊ द्या. आणि सकाळची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर."

आता कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणानंतर. शाल कपाटात गेली, ताईचा आवाज परत आला.

तरी रोज सकाळी मला ते आठवतं. गोळी रोज ताईकडे जायला निघायची, आणि दुधाच्या पांढऱ्या अंधारात कुणीतरी तिचा हात धरायचं. ते कुणीतरी मीच दुकानातून आणत होतो, ताईची हाडं बळकट व्हावीत म्हणून.