कारणे दाखवा

गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, पायात चिखलाने माखलेले बूट आणि तोंडी एकच शब्द, ‘थांबा’. एवढ्या भांडवलावर या बाईंनी कृषी कार्यालयात सव्वीस वर्षं काढली. शेतकरी त्यांना भिंगबाई म्हणत, तेही तोंडावर. फवारणीचं विचारायला जावं, तर बाई आधी वाफ्यात उकिडव्या बसणार, दहा झाडांची पानं उलटून किडी मोजणार आणि बहुतेक वेळा म्हणणार, आत्ता काही करू नका. असला सल्ला कुणाला गोड लागतो? माणसाला हातपाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही.

त्या वर्षी घेवड्यावर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड पडली. बुधवारी छापखान्यातून पत्रकांचे चार गठ्ठे आले. शुक्रवारच्या बाजारात ते वाटायचे होते. बाईंनी वरचं पत्रक उचललं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘नवी कीड आली! ताबडतोब फवारा.’ खाली हा एवढा मोठा फोटो, करड्या अंगाच्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळीचा. ही अळी ढालकिड्याची, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या त्या गोलसर किड्याची. दिसायला भयंकर, पण घेवड्याला तोंड लावत नाही, मावा मात्र फस्त करते. चोर सोडून राखणदाराचाच फोटो चौकात लावावा, तशातला प्रकार.

फोटो साहेबांनी स्वतः काढला होता. साहेब आठ महिन्यांपूर्वी बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा.

“साहेब, ही आपल्या बाजूची आहे,” बाई म्हणाल्या. “हिला मारलं तर आठ दिवसांत मावा दुप्पट होईल.”

“वरून मंजुरी आलीय, बाई. दोन हजार प्रती छापून झाल्यात. आता मी काय करू?”

“रद्दीत घाला.”

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चारही गठ्ठे लोखंडी कपाटात कोंबले, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि सरळ बसथांब्याची वाट धरली.

गुरुवारी टेबलावर ‘कारणे दाखवा’ नोटीस हजर. आदेश डावलल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याची कारणे शुक्रवारी सकाळी दहापर्यंत दाखवावीत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बाई घाबरल्या नाहीत असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्यात धाकट्या भावाचा फोन. साहेबांनी फोटो आधीच शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला होता.

“ताई, पंप भरून ठेवलाय. मारू ना?”

“रिकामा कर. मी परवाच तुझी झाडं मोजलीत. झाडामागे तीन-तीन अळ्या आहेत.”

“आणि घेवडा गेला म्हणजे?”

“गेला तर ये माझ्याशी भांडायला. पण हात लावशील तर याद राख.”

फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या मनात शंका आली. मोजणी चुकली असली तर? भावाचं अख्खं पीक त्यांच्या एका शब्दावर उभं होतं. मग त्या उठल्या, भावाच्या शेतावर गेल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घेवड्याचा एक शेंडा खुडून आणला. मावा मोजला, साठ. त्याच्यासोबत तीन अळ्या सोडल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘गुरुवार, दुपारचे चार’.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला बाईंनी ती बरणी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“कारणं दाखवा म्हणालात ना? ही बघा. तीन आहेत.”

साहेब चिडले, पण बाईंनी गळ्यातलं भिंग काढून पुढे धरलं होतं, तेव्हा घ्यावंच लागलं. साहेब वाकले. एका अळीने माव्याला जबड्यात धरलं होतं. तो बिचारा पाय झाडत होता आणि बघता बघता त्याचं नुसतं सालपट उरलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली. शेंड्यावरचा मावा एकदा मोजला, मग पुन्हा मोजला. नऊ.

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं.

“नोटीस आता मागे घेता येणार नाही, बाई,” साहेब अखेर म्हणाले. “जावक क्रमांक पडलाय.”

“मी कुठे मागे घ्या म्हणतेय? पडू द्या माझ्या फाइलमध्ये. पत्रक तेवढं मागे घ्या.”

साहेबांनी कपाळ चोळलं आणि वरच्या कार्यालयाचा नंबर लावला. “सर, पत्रकातला फोटो चुकलाय,” ते म्हणाले. “हो. मीच काढला होता.”

नोटीस आजही बाईंच्या फाइलमध्ये आहे. ‘खुलासा’ म्हणून खाली अर्धं पान कोरं सोडलेलं आहे. त्यात बाईंनी एकच शब्द लिहून सही ठोकली आहे: ‘दाखवली.’