मूठभर, कुठलाही तांदूळ

दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंग करते. म्हणजे चार जणांनी महिनाभर खपून केलेली वस्तू कुठे मोडते ते शोधायचं आणि त्यांना चारचौघांत सांगायचं. लहानपणी याच गुणाबद्दल मी घरात बोलणी खाल्ली आहेत. तर अशा बाईच्या हातून झालेली चूक सांगायला मला मुळीच आवडत नाही. पण आता ऑफिसात ती नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगितली जाते, तेव्हा निदान नीट तरी सांगितली जावी.

आमच्याकडे वर्षातून एक महिना समाजकार्याचा असतो. एका वर्षी आम्ही खडकवासल्याच्या बाजूला एका टेकडीवर झाडं लावली. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावली. खड्डे आयते होते. मग पगारातून थोडी रक्कम कापून द्यायची टूम निघाली, पण तिचा फॉर्म एवढा लांब होता की तो भरण्यापेक्षा संन्यास घेणं सोपं. यंदा मीटिंगमध्ये एचआरच्या साहेबांनी "कोणाला काही आयडिया?" असं विचारलं आणि सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये शिरले. तोंड मी उघडलं.

शनिवार पेठेत एक छोटं अन्नछत्र आहे, मी म्हणाले. आसपासच्या हॉस्पिटलांत गावाकडून पेशंट येतात, त्यांच्या नातेवाइकांना तिथे दुपारचं जेवण मिळतं. कुठले, कोण, कशाला आलात, काही विचारत नाहीत. आपण महिनाभर प्रत्येकाने रोज घरून मूठभर तांदूळ आणू. आमच्या शाळेत दर गुरुवारी आणायचो.

"इमोशनल आहे," साहेब म्हणाले. "आणि फोटो चांगला येईल."

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. तीन वर्षांपूर्वी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मीही त्या पंगतीत जेवले होते. पुण्यात घर होतं, पगार होता, फोनवरून काय वाटेल ते मागवायची सोय होती. पण त्या दिवसांत काय मागवायचं एवढंसुद्धा मला ठरवता येत नव्हतं. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटची बायको एका दुपारी मला हाताला धरून तिथे घेऊन गेली, आणि मग मी रोजच जात राहिले. वाढणाऱ्या बाई एकच प्रश्न विचारायच्या, "भात?" त्या भाताची परतफेड करायचं माझ्या मनात तेव्हापासून होतं. ती नीट व्हावी, तिथल्या माणसांनी माझ्या हातचं पोटभर जेवावं, एवढीच इच्छा होती. ऑफिसात हे सांगायची मला लाज वाटली. का, ते अजून नीट कळलेलं नाही.

घरी बाबांना सगळी योजना ऐकवली. बाबा आता ठणठणीत आहेत. तांदळातलं त्यांना खरोखर कळतं; बाकीच्या विषयांवर ते नुसतं बोलतात.

"मूठ मूठ ठीक आहे," ते म्हणाले. "पण कुठला तांदूळ?"

"अहो बाबा, कुठलाही. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत."

"घेणारा कुठे मोजतोय? गाय देणाऱ्यानेच बघायचे असतात," असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

साहेबांनी रिसेप्शनमध्ये माणसाच्या छातीएवढं एक पारदर्शक पिंप आणून ठेवलं. आतलं दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्याच दिवसापासून लोक पिशव्या घेऊन येऊ लागले, आणि खरं सांगते, मला भरून आलं. जी माणसं वाढदिवसाच्या केकला वर्गणी मागितली की बाथरूमला जातात, ती मुठी घेऊन रांगेत उभी होती. मावळातून येणाऱ्या मुलाने इंद्रायणी आणला. रत्नागिरीच्या पोरीने उकडा आणला. केरळच्या मुलाने लालसर, जाड दाण्याचा तांदूळ थेट आईकडून मागवला. कोणी बासमती, कोणी कोलम. आमच्या घरून आंबेमोहोर, तोही बाबांच्या डब्यातून चोरून. डाएटवर असलेल्या एकीने किनोआ आणला. हा तांदूळ नाही, असं मी म्हटलं तर म्हणाली, "तांदळापेक्षा महाग आहे." साहेबांनी फोटोच्या दिवशी मूठ भरून साबुदाणा टाकला. घरात पांढरं तेवढंच सापडलं, असं त्यांचं म्हणणं. सगळे थर एकावर एक दिसत होते आणि लोक त्यासमोर फोटो काढत होते. महिनाअखेर पिंप भरलं, तेव्हा साहेबांनी ते चांगलं गदागदा हलवायला लावलं. सगळं एकरूप दिसावं म्हणून.

त्याच आठवड्यात अन्नछत्राच्या बाईंचा फोन आला. बाई म्हणजे तेव्हा भात वाढणाऱ्या त्याच; निवृत्त शिक्षिका, पासष्टीच्या पुढच्या. त्यांचा आवाज फोनवरही फळ्यावर खडू वाजल्यासारखा यायचा. मला त्यांनी ओळखलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

"तांदूळ एकसारखा असेल ना? मग मी वाण्याला या पंधरवड्याचा नको म्हणून सांगते."

मी त्या क्षणी एका मुलाला त्याची चूक दाखवत होते. "हो हो, एकदम चांगला आहे," मी म्हणाले. विचारलं एक, उत्तर दिलं भलतंच. हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याचे अख्ख्या टीमसमोर वाभाडे काढले असते.

शुक्रवारी दुपारी कंपनीच्या बसमध्ये पिंपाला दोन सीट देऊन आम्ही निघालो. हिंजवडीतून बाहेर पडेपर्यंत माझ्या टीममधल्या दोन मुलांची झोप झाली. बस गल्लीत शिरेना, म्हणून शेवटचा टप्पा पिंप गडगडत न्यावं लागलं. जे काही मिसळायचं राहिलं होतं, ते तेव्हा मिसळलं.

अन्नछत्र म्हणजे एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर. भिंतीवर सात घड्याळं, सगळी देणगीत आलेली, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव आणि प्रत्येकात वेगळी वेळ. भात झाला की नाही हे तिथले आचारी वासावरून ठरवतात. त्यांना सगळे चाचा म्हणतात. शेजारच्या पेठेत त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या लग्नाचा स्वयंपाक करत आलेलं. चाचांनी पिंपातून ओंजळभर तांदूळ घेतला, ताटात पसरला आणि बोटाने दाणे बाजूला करू लागले.

"ताई, हा आंबेमोहोर. चांगला आहे, पण शिजला की लगेच मऊ पडतो. हा उकडा, याला दुप्पट वेळ. हा बासमती, जुना. हा लाल कुठला ते अल्लाला माहीत." मग त्यांनी एक गोल दाणा दातांत धरून पाहिला. "आणि हा उपवासाचा."

बाईंनी चष्मा लावून ताटात डोकावलं. "हा तांदूळ नाही. ही मतदारयादी आहे."

मी विचारलं, "एकत्रच शिजवला तर?"

चाचांनी बाईंकडे पाहिलं. "एकदा शिजवला होता," बाई म्हणाल्या. "अर्धा लगदा, अर्धे खडे. पुन्हा नाही."

माझ्या टीममधला एक हुशार मुलगा म्हणाला, आपण दाणे वेगळे करू, त्यात काय! रांगेत लावायचीच तर कामं करतो आपण. चाचांनी त्याच्यासमोर एक ताट सरकवलं. वीस मिनिटांत त्याने चहाच्या बशीभर तांदूळ निवडला आणि मग त्याला फार महत्त्वाचा फोन आला.

"मी आत्ता बाहेरून पोतं घेऊन येते," मी म्हणाले.

"आणा की. आणि या पिंपाचं काय करू? कबुतरांना घालू?" बाई म्हणाल्या. "तुमच्या लोकांनी महिनाभर घरून मुठी आणल्यात. इथे अन्न टाकत नाहीत. उद्याची पंगत याच्यावरच होईल."

उद्याची पंगत म्हणजे शंभर-सव्वाशे माणसं, आणि माझ्या शब्दावर विसंबून रिकामा ठेवलेला तांदळाचा डबा. मला रडू यायचंच बाकी होतं. आयुष्यात एकदा काही परत करायला निघाले, आणि त्याची ही अशी खिचडी. खिचडीसुद्धा नाही, तिच्यात निदान सगळं एकदम शिजतं.

मार्ग चाचांनी काढला. "शिजवायचं कशाला? भिजवू आणि वाटू. वाटल्यावर कोण बासमती आणि कोण उकडा! धिरडी घालू." माळ्यावर देणगीतला एक मोठा ग्राइंडर होता, वर्षभर खोक्यातून बाहेरच न काढलेला. तो खाली आला. पातेली भरून तांदूळ भिजत पडला. उद्या सकाळी मदतीला येतो, असं माझ्या ऑफिसातल्या बारा जणांनी छातीठोकपणे सांगितलं.

शनिवारी पाच जण आले. पीठ सुरेख झालं होतं. चाचांनी त्यात जिरं, मिरची, थोडं बेसन घातलं आणि तीन मोठे तवे मांडले. एका तव्यावर ते स्वतः, दुसऱ्यावर रत्नागिरीची पोर, तिसऱ्यावर मी. बाकीचे वाढायला. चाचांची धिरडी कागदासारखी सुटत होती, त्या पोरीचीही. माझी सुटेनात. साबुदाणा तव्याला धरतो, हे ज्ञान मला तिथे झालं, आणि साहेबांची मूठ सगळीच्या सगळी माझ्याच पातेल्यात आली असावी असा माझा अजूनही दावा आहे. पहिली दोन धिरडी मी उलथन्याने खरवडून स्वतः खाल्ली. तिसरं जरा बरं निघालं, ते ताटात घालून मीच बाहेर नेऊन वाढलं.

खांबापाशी तिशीतली एक बाई बसली होती. मांडीवर हॉस्पिटलची फाइल, त्यावर कोपर. तिने धिरडं उलटून पाहिलं.

"ओ ताई, ह्ये काय दिलंय? खालनं काळं, वरनं कच्चं. खायाचं का फेकायचं?" आवाज खोलीभर गेला. "जमत न्हाई तर करता कशाला?"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. माझं डोकं सणकलं. सकाळी सहापासून मी उभी होते, हाताला दोन चटके बसले होते, महिनाभर या एका जेवणासाठी मी ऑफिसात लोकांच्या मागे लागले होते. ताट उचलून मी आत आले आणि ते ओट्यावर आपटलं.

"बघा! फुकट मिळतंय तरी नखरे आहेतच. दानाच्या गाईचे दात..."

बाई काकडी चोचवत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही भात परत पाठवला होतात."

"मी?"

"तीन वर्षांपूर्वी. त्याच खांबापाशी बसला होतात. भात कच्चा आहे म्हणून एवढ्या मोठ्यांदा ओरडलात की दाराबाहेर रांगेतली माणसं आत डोकावली. म्हणालात, जमत नसेल तर बंद करा हे."

मला आठवलं. खरं म्हणजे आठवायला काही कष्ट पडले नाहीत. मी ते फक्त पुसून ठेवलं होतं. माझ्या आठवणीत मी तिथे मान खाली घालून, कृतज्ञ होऊन जेवत होते. ओरडणारी बाई त्यात नव्हतीच. पण दाताखाली आलेला तो टणक दाणा मला आत्ता जसाच्या तसा लागला.

"तो भात..." मी म्हणाले.

"हाच. म्हणजे असाच. दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा. त्यांचंही असंच पिंप होतं."

"मग तेव्हा मला चार शब्द सुनावायचे नाहीत का तुम्ही?"

"तुमचे वडील आत होते ना त्या दिवशी, ऑपरेशनला? तुम्हाला आणणाऱ्या बाईने सांगितलं होतं मला." त्यांनी काकडीचं डेख टाकलं. "डॉक्टरशी भांडता येत नाही, देवाशी भांडून उपयोग नाही. माणूस भाताशी भांडतो. भांडू द्यावं." मग तव्याकडे बघून म्हणाल्या, "गॅस मोठा आहे तुमचा. पुढचंही करपेल."

मी गॅस बारीक केला. डोळ्यांना धार लागली होती ती मिरचीच्या ठसक्याने, असं म्हणायची सोय होती, आणि चाचांनी ती मोडली नाही. त्यांनी अर्धा कांदा कापून माझ्या हातात दिला. मी तो तेलात बुडवून तव्यावरून फिरवला, पीठ ओतलं, आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न बोलता थांबले. कडा सुटल्या. उलटलं तर खालून सोनेरी, अख्खं.

ते ताटात घालून मी स्वतः बाहेर नेलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"पेशंट कोण आहे तुमचा?"

"धाकला भाव हाय. सकाळी नेलाय आत." तिने तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला. सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या दिवशी माझ्या हाताखालची पोरं माझ्याकडे जशी बघत असतील, तशी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. बराच वेळ ती चावत राहिली.

"आता बरं हाय," ती म्हणाली. "पर चटणीत मीठ कमी हाय."

मी मीठ आणायला उठले.