खुर्चीवरचा मफलर

मानसशास्त्रात एम.ए. करायला लागले आणि घरच्यांना माझ्यापुढे जांभई द्यायचीही चोरी झाली. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आता कुणी काही उगीच करत नसे. आत्याकडे जायच्या दिवशीच वडिलांना चपला सापडत नाहीत, यामागे बहीणभावाचं लहानपणचं दडलेलं भांडण आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते बिचारे चपला शोधत राहिले. आई म्हणायची, "हिच्यासमोर कप फोडायची बी सोय नाय. लगेच माझं माहेर काढती."

त्या हिवाळ्यात गंगापूरचे एक शिक्षक मला बघायला आले. मला एम.ए. पूर्ण करायचं होतं, लग्न करायचं नव्हतं, आणि हे मी घरात ठणकावून सांगितलं होतं. पण येतो म्हणणाऱ्याला नको म्हणणं बरं दिसत नाही, तेव्हा आधी बघून घे, नकार मागून कळवू, असा वडिलांनी तोडगा काढला. शिक्षकांनी पोहे खाल्ले आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही नेमकं काय शिकता?" मी अर्धा तास नेणिवेवर बोलले. ते मन लावून ऐकत होते. ते गेले आणि त्यांचा तपकिरी मफलर खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

"माणूस उगीच विसरत नाही," मी मफलर उचलून जाहीर केलं. "आतल्या मनाला जिथं परत यावंसं वाटतं, तिथंच वस्तू राहते. त्यांचं मन गुंतलंय." मला त्यांची खरोखर कीव आली होती.

वडिलांनी नकाराचं पत्र लिहिलं. गंगापूरच्या जीपवाल्याच्या हाती पत्र आणि मफलर एकदमच पाठवायचं ठरलं. पण दुसऱ्याची वस्तू मळकी कशी द्यायची, म्हणून मी मफलर धुतला. लोकर वाळायला दोन दिवस गेले. मग एका टोकाला टाके उसवलेले दिसले, ते विणले. मग दुसरं टोक त्याला जुळेना. पत्र आठवडाभर फडताळात पडून होतं.

शेवटी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ते निघाले तव्हा तू खुर्चीपाशीच व्हतीस. मफलर दिसला नाय का तुला?"

"दिसला."

"मग हाक का नाय मारलीस?"

याला उत्तर होतं. स्वतःच्या मनातली इच्छा दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायची, याला आमच्यात प्रक्षेपण म्हणतात. परीक्षेत मी त्यावर दोनदा पानंच्या पानं लिहिली होती. आता मात्र मी मफलरची घडी मोडून पुन्हा घातली. कान तापले. मला ते आवडले होते.

आईनं वडिलांना हाक मारली, "अवो, ते पत्र फाडा. आन् दुसरं लिहा. पोरीचं एम.ए. झाल्यावर करू म्हणावं."

शिक्षकांनी दीड वर्ष वाट पाहिली. लग्नानंतर मी मोठ्या आशेनं विचारलं, "तेव्हा मफलर का विसरलात?" त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "मी विसरतोच," म्हणाले. ते खरंच होतं. न्हाव्याकडे छत्री, एसटीत पिशवी, शाळेत डबा. वैजापूरच्या ज्या मावशीकडे जायचं त्यांच्या अगदी जिवावर येई, तिथं तर चष्मा. आईला हे कळलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

अजूनही ते विसरतात. कुणाच्या घरून निघताना खुर्चीवर त्यांचा मफलर दिसला, की आता मी लगेच हाक मारते.